सोप्यातलं ग्रहण

आमच्या टिळकवाडीतल्या घराचा सोपा आधी सताड उघडा होता. वर खानापूरची कौलं, खाली शहाबादी फरशी, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, मिरगाला सुरू झाला की गणपतीपर्यंत पिरपिर, आडवी झड आत यायची, चपला सायकल पेपर सगळं ओलं. शेवटी बाबांनी स्लायडिंगच्या काचा बसवून घेतल्या. बसवणाऱ्यानं माप चुकवलं, एका कोपऱ्यातनं अजून ठिबकतंय, तिथं कायमची बादली.

पण पावसासाठी लावलेल्या काचांची खरी मजा थंडीत कळली. गाव अडीच हजार फुटांवर, डिसेंबरात सकाळी मफलर सुटत नाही, आणि आमचा सोपा दक्षिणेला तोंड करून. (दक्षिणमुखी म्हणून लोकांनी नाकं मुरडलेली, आजोबांना स्वस्तात मिळालं ते त्यामुळंच.) काच ऊन आत घेते आणि तापलेल्या फरशीची ऊब बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळं नऊ वाजले की अख्खं घर तिथंच, आई मटार सोलत, मी लॅपटॉप घेऊन वर्क फ्रॉम होम म्हणजे डुलक्या.

आज्जीची खुर्ची उन्हाबरोबर सरकते. दिवाळीनंतर दुपारचं ऊन हळूहळू आत येत जातं, 22 डिसेंबरच्या आसपास तिसऱ्या फरशीला शिवतं आणि मग परत मागं. मेच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर, त्यानंतर ऑगस्टपर्यंत दुपारी तो उत्तरेलाच कललेला, म्हणजे हवं तेव्हा ऊन आत आणि नको तेव्हा बाहेर, आणि यासाठी आम्ही अक्कल अशी काहीच लावलेली नाही. आज्जीला कर्कवृत्त बिर्कवृत्त ठाऊक नाही, पण फरशी बघून 'संक्रांत आली की गा जवळ' म्हणते, चुकत नाही.

गेल्या वर्षी समोरच्यांनी मजला चढवला आणि वर काळी पाण्याची टाकी ठेवली. आता थंडीत अकराच्या सुमाराला तिची सावली काचेवरनं जाते, वीसेक मिनिटं सगळा सोपा गार. भांडायचं तरी काय म्हणून, टाकी त्यांच्याच गच्चीवर आहे. आज्जी शाल ओढून घेते आणि आत ओरडते, "ग्रहण लागलं गं, चहा टाक. सुटायच्या आत होऊ दे."




ग्रहणात खायचं-प्यायचं नसतं हे तिला आठवण करून दिलं तर म्हणते, टाकीच्या ग्रहणाला चालतंय.