माझंच कधी काही नीट होत नाही

बालवाडीच्या खिडकीत पेल्यांची रांग होती. आदल्या आठवड्यात मुलांनी ओल्या कापसावर घेवड्याचं एकेक बी ठेवलेलं. सोमवारी आली तर बहुतेक पेल्यांत मोड. एका पाच वर्षांच्या मुलीचं बी मात्र तसंच होतं. ती पेल्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माझंच कधी काही नीट होत नाही."

मी घाईनं म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं! दुसरं बी देते." ती आणखी जोरात रडू लागली. बरोबरच होतं. तिला दुसरं बी नको होतं, हेच हवं होतं. रडणं थांबवायची घाई मला झाली होती.

मग तिच्याशेजारी खाली बसले. "किती वाट बघत होतीस ना गं?" इतकंच म्हणाले आणि गप्प राहिले.

तिचं वाक्य डोक्यात घोळत होतं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या मांडणीत निराश मन वाईट घटनेचा अर्थ तीन प्रकारे लावतं: दोष माझाच, हे कायमचंच, आणि सगळ्याच बाबतीत असंच. माझंच. कधी. काही. एवढ्याशा जिवाच्या तोंडून तिन्ही एका दमात आले होते! "असं बोलू नये" म्हणून ते जाणार नव्हते.

हुंदके ओसरल्यावर विचारलं, "बियाला काय झालं असेल? बघूया?" कापूस उचलला. खाली पाणी साचलेलं, बी मऊ पडून कुजलेलं.

"मी रोज पाणी घातलं. खूपदा," ती हळूच म्हणाली.

"बियाला हवाही लागते. पाण्यात बुडालं की ती मिळत नाही."

ती विचारात पडली. "मग चमच्यानं घालायचं?"

आता दुसरं बी तिनं स्वतःच मागितलं. ते रुजेलच, असं वचन मी दिलं नाही. खोटा दिलासा मुलांना बरोबर कळतो. त्याऐवजी दोन पेल्यांत दोन बिया ठेवल्या.

काही दिवसांनी एकाला मोड आला, दुसऱ्याला नाही. माझाच जीव वरखाली. तिनं दुसरा पेला उचलून माझ्यासमोर धरला. "ताई, हे एक नाही आलं," ती म्हणाली आणि कापूस उचकटून खाली बघू लागली.