तुम्ही विचारलंत म्हणून: रानात नेण्यासाठी मोठा सुरा कोणता घ्यावा?

‘न मिटणारा, मोठ्या पात्याचा एकच सुरा घ्यायचा आहे, तीन-चार पसंत पडले आहेत, त्यांतला कोणता घेऊ?’ असे मला वरचेवर विचारले जाते. विचारणारे बहुधा पात्याची लांबी आणि पोलादाचे नाव सांगून थांबतात. या दोन गोष्टींवरून मला फारसे काही कळत नाही. धारेच्या लगेच मागे पाते किती जाड आहे आणि सुऱ्याचा तोल कुठे पडतो, हे कळले की तो हातात कसा वागेल याचा बराच अंदाज येतो. पोलादाचा विचार त्यानंतर करावा.

मोठा म्हणजे साधारण 15 ते 25 सेंटिमीटर पात्याचा सुरा, असे इथे धरू. त्याच्याकडून आपण तीन कामांची अपेक्षा करतो. फांदी घाव घालून तोडायची, ओंडका उभा फोडायचा आणि लाकूड तासून खुंटी, खाच किंवा आग पेटवायला पातळ सालपटे काढायची. अडचण अशी की ही तिन्ही कामे पात्याकडून वेगवेगळे काही मागतात. तोडण्यासाठी वजन पुढे हवे आणि पाते लांब हवे, कारण मूठ त्याच वेगाने फिरवली तरी लांब पात्याचे टोक अधिक वेगाने फिरते आणि घावाची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फोडण्यासाठी पाचरीसारखी जाड पाठ उपयोगी पडते. तासण्यासाठी मात्र पाते पातळ हवे आणि तोल तर्जनीच्या आसपास हवा, नाहीतर मनगट थोड्याच वेळात थकते.

केबार कंपनीचे बेकर मालिकेतले दोन सुरे शेजारी ठेवले की हे लगेच लक्षात येते. बीके-2 चे पाते सव्वापाच इंच लांब आणि पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरहून थोडे अधिक जाड असते. बीके-9 चे पाते नऊ इंच लांब आहे, पण जाडी पाच मिलिमीटरच्या आत. दोघांचे वजन जवळपास सारखेच, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. तरीही पहिला ओंडके फोडायला आणि उचकटायला दणकट, पण आखूड असल्यामुळे घाव घालताना तोकडा पडतो, आणि जाडीमुळे तासताना लाकडात शिरण्याऐवजी ते बाजूला रेटू पाहतो. दुसरा मनगटाएवढी फांदी थोड्या घावांत खाली पाडतो, मात्र त्याने बारीक खाच पाडणे हे संयमाचे काम आहे. दोन्ही सुरे एकाच जातीच्या कार्बन पोलादाचे असतात, तरी कामात त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. वजन आणि पोलाद यांवरून निवड करणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

म्हणून शक्य असल्यास सुरा हातात घेऊनच ठरवावे. मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट आडवे धरून त्यावर सुरा तोलून पाहावा. पाते खाली झुकले तर तो तोडणारा आहे, तुमच्या किंवा विक्रेत्याच्या म्हणण्याने त्यात फरक पडत नाही. मग पाते समोरून, धारेच्या रेषेत पाहावे. पाठ जाड असूनही पाते पाठीपासूनच उतरत उतरत धारेकडे निमुळते होत असेल, तर तो सुरा तासायलाही बरा चालेल. पात्याची अर्धी रुंदी जाडच राहून शेवटी एकदम उतार दिलेला असेल, तर कितीही धार लावली तरी तो लाकडात खोल जाताना अडखळेल.

आता पोलाद. 1095 या साध्या कार्बन पोलादात सुमारे 0.95 टक्के कार्बन असतो. त्याला धार चटकन लागते, पण ओलाव्यात ठेवल्यास गंजही तितक्याच चटकन चढतो. 5160 हे मुळात गाड्यांच्या स्प्रिंगांसाठी वापरले जाणारे पोलाद; त्यात कार्बन 0.6 टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे ते आघात चांगले सोसते आणि घाव घालणाऱ्या लांब पात्यांना शोभते. डी-2 मध्ये क्रोमियम सुमारे 12 टक्के असूनही त्यातला बराच भाग कार्बनशी बांधला गेल्यामुळे ते पुरते गंजरोधक होत नाही. ते धार पुष्कळ टिकवते, पण मोठ्या पात्यात मी ते टाळतो, कारण गाठीवर तिरपा घाव बसला की धारेला खांडे पडतात आणि बाहेर बसून ते घासून काढणे जिकिरीचे होते. खरे तर पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून कसे थंड केले आहे, हे अधिक महत्त्वाचे. मोठ्या सुऱ्याला रॉकवेल मापावर 56 ते 58 च्या आसपासचा कठीणपणा मला पुरेसा वाटतो. साठच्या वर गेलेली धार अधिक दिवस टिकेल, पण तिथे साधी कानस घसरू लागते, शिवाय बोथट झालेली धार निसण्यावर परत आणता येते, तुटलेली नाही. कडाक्याच्या थंडीत पोलाद अधिक ठिसूळ होते, त्यामुळे हिमप्रदेशात जाणाऱ्याने तर ही गोष्ट ध्यानात ठेवावीच.

पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीचे आणि शेवटपर्यंत गेलेले हवे, असा आग्रह अलीकडे फार ऐकू येतो. तो गैर नाही, पण त्याचे स्तोम माजले आहे. 1942 मध्ये अमेरिकी मरीन दलाने स्वीकारलेल्या सात इंची केबार सुऱ्याच्या चामडी चकत्यांच्या मुठीतून पोलादाची अरुंद पट्टीच जाते, आणि तो सुरा युद्धात टिकला. अशी पट्टी तुटते ती बहुतेक वेळा पाते आणि मूठ यांच्या सांध्यावरच्या काटकोनी कोपऱ्यापाशी, कारण ताण तिथे एकवटतो. तो कोपरा गोलसर ठेवला असेल तर मी अरुंद पट्टीला नकार देणार नाही. मुठीबाबत माझी एकच अट असते: हात ओला असताना ती घसरू नये.

ज्या समाजांचे रोजचे काम मोठ्या पात्यावर चालले, त्यांनी एकाच सुऱ्याकडून सगळे करून घेण्याचा हट्ट धरलेला दिसत नाही. नेपाळी खुकुरीच्या म्यानातच कर्दा नावाची छोटी सुरी आणि चकमक नावाचे बोथट पाते असते. उत्तर युरोपातील सामी लोक लेउकु या मोठ्या सुऱ्याबरोबर कमरेला लहान सुरीही बाळगतात. मला हे शहाणपणाचे वाटते. तेव्हा ‘एकच’ हा शब्द प्रश्नातून काढता येत असेल, तर 20 ते 23 सेंटिमीटरचा, पुढे तोल असलेला आणि पाच मिलिमीटरहून जाड नसलेला सुरा घ्यावा आणि जोडीला बोटभर पात्याची पातळ सुरी ठेवावी.

‘एकच’ काढता येत नसेल, तर 15 ते 18 सेंटिमीटरचे, चार ते पाच मिलिमीटर जाडीचे, पाठीपासून निमुळते होत गेलेले पाते निवडावे आणि वाचलेल्या वजनात घडीची करवत न्यावी. मनगटाहून जाड लाकूड करवत कमी श्रमात कापते, आणि निसटलेला घाव गुडघ्यावर येण्याची भीतीही उरत नाही. ओंडका फोडताना पाते त्याच्या व्यासापेक्षा काही बोटे लांब असावे, म्हणजे पाठीवर लाकडी सोट्याने ठोकायला टोकाकडचा भाग बाहेर राहतो. आणि गाठी असलेला ओंडका सरळ बाजूला टाकावा. पाठीवर करवतीचे दात असलेला सुरा कोणी दाखवला, तर तो परत करावा. त्या दातांनी लाकूड धड कापले जात नाही, आणि सोट्याने ठोकायला पाठही सपाट राहत नाही.