बर्क अँड विल्स : नऊ तासांची चुकामूक, आणि तिच्यापेक्षा वाईट दुसरी

१९८५ चा ऑस्ट्रेलियन पिक्चर 'बर्क अँड विल्स' बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय. गोष्ट खरी आहे, शेवट इतिहासात नोंदलेला आहे, त्यामुळे स्पॉयलरचा प्रश्नच नाही. आणि शेवट माहीत असूनही पोटात गोळा येतो.

२० ऑगस्ट १८६० ला मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून ही मोहीम निघाली. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेच्या समुद्रापर्यंत आरपार ओलांडायचा, जे तोवर कुठल्याही गोऱ्या माणसाला जमलं नव्हतं. १९ माणसं, घोडे, गाड्या, खास भारतातून जहाजाने आणलेले उंट, जवळजवळ २० टन सामान आणि त्यात चक्क ओकचं टेबल आणि खुर्च्या! निरोपाला हजारो लोक जमलेले. लीडर कोण, तर रॉबर्ट ओहारा बर्क, पोलीस अधिकारी, शूर वगैरे सगळं खरं पण असल्या प्रवासाचा अनुभव शून्य. विल्यम विल्स त्याच्या उलट, शांत, अभ्यासू, ताऱ्यांवरून आपण कुठे आहोत हे काढणारा सर्व्हेअर. जॅक थॉम्पसनने बर्क केलाय आणि नायजेल हॅवर्सने विल्स, दोघंही मस्त. कॅमेरा रसेल बॉइडचा, आणि तो लाल-पिवळा रखरखाट बघताना खरंच घसा कोरडा पडतो.

बर्कला घाई फार. मोहीम मेनिंडी या वाटेतल्या गावाला पोचली तोवर भांडणं होऊन त्याचा डेप्युटी राजीनामा देऊन गेलेला, मग यानेही टीम फोडली, निम्मे लोक मागे ठेवले आणि पुढे कूपर क्रीक नावाच्या नदीकाठी तळ टाकला. तिथूनही १६ डिसेंबरला, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, बर्क, विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे असे चौघंच उत्तरेला निघाले. तळावर विल्यम ब्राहेला सांगून गेले की तीन महिने वाट बघ. फेब्रुवारी १८६१ मध्ये ते इतके उत्तरेला पोचले की नदीचं पाणी खारट लागत होतं आणि भरती-ओहोटीही कळत होती, पण मध्ये खारफुटीची दलदल, त्यामुळे समुद्र काही डोळ्यांनी दिसला नाही. तसेच परत फिरले. येताना पाऊस, चिखल, खाणं संपलेलं, उंट मारून खाल्ले, घोडाही खाल्ला. १७ एप्रिलला ग्रे गेला. त्याला पुरण्यात एक दिवस गेला, कारण खड्डा खणायचंही त्राण कुणात नव्हतं.

आणि २१ एप्रिलच्या संध्याकाळी तळावर पोचतात तर तिथे कुणीच नाही. ब्राहे त्याच दिवशी सकाळी निघून गेलेला! तीन सांगितले असताना बिचारा चार महिन्यांच्या वर थांबला होता, त्याचा एक माणूस आजारी, त्याला मी तरी दोष देणार नाही. जाताना त्याने झाडावर 'खणा' असं कोरलं आणि खाली पीठ, तांदूळ, साखर असं पुरून ठेवलं. साधारण नऊ तासांची चुकामूक, ग्रेला पुरण्यात तो एक दिवस गेला नसता तर टळली असती.

सगळे याच प्रसंगाबद्दल बोलतात, पण मला खरा चटका त्यानंतरच्या गोष्टीने लागला. या तिघांनी ते सामान काढून घेतलं, आपण माउंट होपलेस या दक्षिणेकडच्या ठिकाणाच्या दिशेने जातोय अशी चिठ्ठी लिहून त्याच खड्ड्यात पुरली, आणि कुणाला संशय नको म्हणून जमीन पुन्हा होती तशी सारखी केली. झाडावर मात्र नवीन काहीच कोरलं नाही! एक तारीख कोरली असती तरी पुरलं असतं. ८ मे ला ब्राहे पुन्हा तिथे आला, सोबत मागे राहिलेल्या तुकडीचा राइट, दोघांनी बघितलं, सगळं जसंच्या तसं दिसलं, थोडा वेळ थांबून निघून गेले. त्या वेळी हे तिघं त्याच नदीच्या काठाने भटकत होते. मग मे अखेरीस विल्स एकटा चालत पुन्हा त्याच झाडाशी आला, आपल्या डायऱ्या पुरल्या आणि परत गेला, कुणी येऊन गेलंय याचा त्याला पत्ताच नाही. पहिली चुकामूक नशिबाची म्हणा, पण ही दुसरी अगदी टाळता येण्यासारखी होती आणि म्हणूनच ती जास्त छळते.

बरं, ते वाळवंट काही रिकामं नव्हतं. यांड्रुवांडा लोक पिढ्यानपिढ्या तिथेच राहत होते, त्यांनी यांना मासे दिले, नारडू नावाच्या वनस्पतीच्या बियांसारख्या दाण्यांच्या भाकऱ्या दिल्या. बर्कने त्यांच्यावर पिस्तूल झाडलं आणि ते लांब गेले. मग हे स्वतःच नारडू कुटून खायला लागले, पण त्यांची रीत नीट न शिकता. नारडूमध्ये असं एंझाइम असतं की जे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व मोडतं, तिथले लोक ते पाण्यात कालवून, भाजून वगैरे निष्प्रभ करायचे. यांचं पोट भरत होतं आणि माणूस खंगत होता. विल्सच्या डायरीत शेवटी नाडी ४८ असल्याची नोंद आहे, हातापायांची नुसती हाडं उरलीत असं तो शांतपणे लिहितो. बर्क आणि विल्स दोघंही जून अखेरच्या सुमारास गेले.

वाचला फक्त किंग, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, आधी भारतात ब्रिटिश फौजेत होता आणि उंटांबरोबरच इकडे आलेला. तो सरळ त्या लोकांकडे गेला. त्यांच्यासाठी कावळे मारून दिले, एका बाईच्या हाताला जखम झाली होती तर पाणी उकळून, स्पंजने धुऊन औषध लावलं, आणि त्यांनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं. शोधपथकाला तो सापडला १५ सप्टेंबरला, म्हणजे अडीच महिने त्यांच्यातच राहिला. माझी पिक्चरबद्दलची मुख्य तक्रार हीच की १४० मिनिटांत या अडीच महिन्यांना फार कमी जागा मिळते. बर्कचं ज्युलिया मॅथ्यूज या नटीवरचं प्रेम थोडं कापलं असतं तरी चाललं असतं, आणि तो वेळ किंगला आणि यांड्रुवांडा लोकांना द्यायला हवा होता.