तुम्ही विचारलंत म्हणून: बँड कुणाचा?

हौशी रेडिओच्या परवान्याची चौकशी करायला येणारी मुलं हमखास विचारतात, "ताई, एफटी8नं आपले बँड खाल्ले म्हणतात, खरं का?" एफटी8 म्हणजे कॉम्प्युटरनं सुरांतून छोटे संदेश पाठवायची पद्धत, आणि बँड म्हणजे आपल्याला नेमून दिलेले रेडिओलहरींचे पट्टे. जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवालेही तेच विचारतात, त्यांना फक्त उत्तर 'हो' असं हवं असतं.

मी दोन्हीकडची. पहाटे मोर्सची कळ, सकाळी नेटवर (रेडिओवर ठरल्या वेळी भरणाऱ्या कट्ट्यावर) गप्पा, रात्री लॅपटॉपवर एफटी8. आमच्या सोसायटीत एलईडी दिव्यांनी आणि सोलर इन्व्हर्टरनी इतकी खरखर मांडली आहे की 20 मीटरच्या बँडवर दूरचा माणूस बोलताना ऐकूच येत नाही. एफटी8 त्या खरखरीच्या तळातून सिग्नल उपसतं. गच्चीवर एक तार आणि 10 वॅट, एवढ्यावर मला इटली मिळालं. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी 2017 साली ते आणलं. हे टेलर म्हणजे नव्या प्रकारच्या पल्सारच्या (रेडिओलहरींची स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी 1993चं नोबेल मिळालेले. तेव्हा 'हे कसलं हॅमिंग' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

जागेचं म्हणाल, तर एफटी8चा एक सिग्नल जेमतेम 50 हर्ट्झ घेतो, आपलं एसएसबीवरचं (आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीतलं) बोलणं अडीच किलोहर्ट्झ. एका माणसाच्या गप्पांच्या जागेत तिथे अख्खी चाळ नांदते.

मग भांडण कशाचं? बऱ्याचदा डायलचं. आमचं सकाळचं नेट 7.077 मेगाहर्ट्झवर भरायचं. या 40 मीटरच्या बँडवर आपण एलएसबी (एसएसबीची खालची बाजू) वापरतो, म्हणजे आवाज डायलच्या आकड्याखाली पडतो, साधारण 7.0743 ते 7.0767. एफटी8वाले डायल 7.074 वर ठेवतात, पण यूएसबीवर (एसएसबीची वरची बाजू, लॅपटॉपची खाच नव्हे), म्हणजे त्यांचे सूर आकड्याच्या वर, जवळजवळ 7.077 पर्यंत. डायलवर 3 किलोहर्ट्झचं अंतर दिसतं आणि प्रत्यक्षात दोघं एकमेकांच्या मांडीवर बसलेले! दोघंही शपथेवर सांगणार, मी माझ्या जागेवर होतो.

दुसरी गोष्ट कानांची. मोर्सवाला आधी 'क्यूआरएल?' विचारतो, जागा रिकामी आहे ना म्हणून. एफटी8वर ऐकायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि त्याला माणसाचं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट. हे मी दुसऱ्यांबद्दल सांगत नाहीये. एका रविवारी नेटला दांडी मारून, स्पीकर बंद करून मी एफटी8वर सीक्यू ('कुणी आहे का?' अशी हाक) देत बसले होते. दर अर्ध्या मिनिटाला पावणेतेरा सेकंद. थोड्या वेळात नेटवरच्या काकांचा फोन: "अगं, कुणीतरी पुंगी वाजवतंय, जरा ऐकतेस का?" स्पीकर लावला. काका स्वच्छ ऐकू येत होते. पुंगी माझीच होती.

आयएआरयू या हौशी रेडिओवाल्यांच्या जागतिक संघटनेचा बँड प्लॅन (कुणी कुठे बसायचं याची आखणी) आहे, पण तो आपापसातला समजूतदारपणा. त्यावर बोट ठेवून कुणाला उठवता येत नाही. तरी 7.074 आणि 14.074 साऱ्या जगानं एफटी8साठी धरून ठेवलेत. तिथे बोलायला बसायचं आणि वर कुरकुर करायची, हे मला चूक वाटतं. तसंच 7.020 वर मोर्स चालू असताना तिथे डेटा पाठवणंही.

काकांना कबुली दिली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मग आपणच सरकू." नेट 7.080 वर नेलं. तिथे खालून जेएस8वाले (एफटी8वरूनच निघालेली पद्धत), 7.078 वर. आता आम्ही 7.095 वर असतो.