आठ-बाराची लोकल सुटल्यावर

गेल्या वर्षी जूनमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि मी नोकरी सोडली. भांडुपच्या वन रूम किचनमध्ये आम्ही दोघीच. पथ्य, औषधं, डायपर, मालिश, सगळं अंगवळणी पडलं. पण १४ वर्षं ज्या डब्यात रोज बसले, वाटाणे सोलले, भांडले, हळदीकुंकू केलं, तो ८.१२ चा लेडीज डबा सुटला. आई अंथरुणाला खिळलेली असताना लोकलचं काय दुःख करायचं, म्हणून बोलले नाही कुणाशी.

ग्रुपवर विचारपूस व्हायची. मी हात जोडल्याचं चित्र टाकायचे, मग तेही बंद केलं. दिवाळीपर्यंत झोप पार उडाली. रात्री तीनला ओट्याशी उभी राहून आईच्या गोळ्यांची पाकिटं मोजत बसायचे. एकदा मोजता मोजता नको तो विचार मनात आला आणि हातपाय गार पडले.

पाकिटं कपाटात टाकून कुलूप लावलं आणि १४४१६ लावला. टेली मानस, सरकारची मोफत हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते. आधी भाषा निवडायची, मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" इतकं स्पष्ट मला कुणी विचारलं नव्हतं. मी रडत रडत हो म्हणाले. त्या घाबरल्या नाहीत, उपदेशही केला नाही. "आत्ता घरात कोण जागं आहे? सकाळी पहिला फोन कुणाला कराल?" मी डब्यातल्या मैत्रिणीचं नाव सांगितलं.

सकाळी तिला फक्त "मला झोप लागत नाही गं" एवढंच म्हणू शकले. ती रजा टाकून आली. शेजारच्या काकूंना आईपाशी बसवून मला सायन हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. केसपेपर, रांग, पुन्हा रांग. माझा नंबर येईपर्यंत तिने हात सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही. ते आठवडे फार जड गेले. रोज रात्री नऊला तिचा फोन यायचा, "जेवलीस का? काय केलं होतंस?" एवढंच. मला तेवढंच झेपत होतं. काळजी घेणाऱ्या बाईला "खंबीर राहा" सांगणारे खूप भेटतात, तिने ते एकदाही म्हटलं नाही.

गोळ्या अजून चालू आहेत. शनिवारी काकू आईपाशी थांबतात. मी ८.१२ पकडते, दादरपर्यंत डब्यात बसते आणि फुलमार्केटातून आईसाठी सोनचाफा घेऊन परतते. डब्यात खिडकीजवळची जागा माझ्यासाठी धरलेली असते.