8.6 चा भूकंप, मग लाट कुठंय?

11 एप्रिल 2012. बेळगावातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलची शेवटच्या वर्षाची पोरं सुनामीच्या मॉडेलवर बसली होती. सरावाला 2004 चाच भूकंप घेतलेला. दुपारी एकजण फोन बघत ओरडला, "सर, सुमात्राजवळ परत झाला की ओ! साडेआठच्या वर!"

हिंदी महासागराला इशारा गेला होता. तेवढ्यात कारवारहून मावशीचा फोन. "आमच्याकडं पाणी येईल काय रे?"

अशा वेळी भूकंपाचा आकडा एकटा पुरत नाही. फॉल्टची, म्हणजे खडक जिथं तुटून सरकतो त्या भेगेची, लांबी-रुंदी, खोली, कल आणि सरकण्याची दिशा दिली, की जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओकादाची 1985 ची सूत्रं समुद्रतळ कुठं किती वर-खाली झाला ते काढून देतात. तोच फुगवटा पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवायचा आणि सोडून द्यायचं. पुढं लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर: 4000 मीटर खोल पाण्यात ताशी 700 किलोमीटर, किनाऱ्याजवळ 50 मीटर खोलीवर जेमतेम 80.

पोरांनी घाईत 2004 सारखा, एक प्लेट दुसरीखाली घुसणारा भूकंप भरला. पडद्यावर बंगालचा उपसागर लालभडक. लॅबमध्ये कुणी बोलेना.

मग भूकंपाच्या यंत्रणेची माहिती आली. उगम सुंदा खंदकाच्या, म्हणजे सुमात्राजवळ एक प्लेट दुसरीखाली घुसते त्या खोल चरीच्या, बाहेर, प्लेटच्या पोटात; आणि सरक आडवी! खडक एकमेकांना घासत बाजूला गेलेले, तळ फारसा उचललेलाच नाही. फॉल्ट जवळजवळ उभा केला, सरकण्याचा कोन बदलला, मॉडेल परत चालवलं. बहुतेक लाल रंग गेला.

एवढा मोठा आडवा भूकंप उपकरणांनी त्याआधी कधी नोंदलाच नव्हता. वर्गात उदाहरण म्हणूनसुद्धा मी तो घेतला नसता; पोरं हसली असती.

सव्वाचारच्या सुमारास 8.2 चा दुसरा. तोही आडवाच. सुमात्रातल्या मेउलाबोहला लाट मोजली गेली ती मीटरभराची.

मावशीला सांगितलं, तिकडची लाट तुमच्याकडं यायची तर श्रीलंकेला वळसा घालून, दमून येणार. पश्चिम किनाऱ्याला खरी धास्ती मकरानची, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याची. 28 नोव्हेंबर 1945 ला तिथल्या 8.1 च्या भूकंपानं मुंबईपर्यंत लाट पाठवली होती.

"मग ते बघितलंस काय?" मावशीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी पोरांना तेच काम दिलं: उगम मकरान, मोजणी कारवारला.