कपाळावरचा लाल दिवा

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती, पारा शून्याखाली सात अंशांवर गेला होता आणि माझे शेजारी माझ्या कपाळावर दिवा बांधत होते. लोकरी टोपीवरून पट्टा सारखा घसरत होता आणि हातमोज्यांतल्या बोटांना त्याचे बक्कल काही सापडत नव्हते, तेव्हा शेवटी त्यांनीच ते काम हाती घेतले. पट्टा बसल्यावर त्यांनी बटण एकदा दाबले, तर दिवा पांढरा लागला. दाबून धरले, तर लाल झाला. “आता हा असाच राहू दे,” ते म्हणाले, “मी सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.” लाल दिवा म्हटले की माझ्या वयाच्या मराठी माणसाला मंत्र्याची गाडी आठवते. २०१७ च्या मे महिन्यात ते दिवे गाड्यांवरून उतरले, आणि इतक्या लांब येऊन तो असा माझ्या कपाळी आला.

हे सारे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागातले. हिमयुगातल्या हिमनद्या या टापूला वळसा घालून गेल्या, त्यामुळे आसपासचा प्रदेश लाटण्याखालून गेल्यासारखा सपाट असताना येथे टेकड्या, घळी आणि त्यांच्यावरची ओकची राने शाबूत राहिली. राज्यात बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम जेमतेम नऊ दिवसांचा असतो. तो नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो आणि त्या पहाटे आमच्या गल्लीत निम्म्या घरांपुढच्या गाड्या जागेवर नसतात. शेजारी सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर गाई राखून आता निवृत्त झालेले. मी शिकारी नाही आणि या जन्मी होईन असे वाटतही नाही. एकदा सोबत येऊन नुसता बसू का, एवढेच मी विचारले होते. झाडाला टेकवून बांधलेली लोखंडी शिडी आणि तिच्या टोकाला, जमिनीपासून १५ फुटांवर, दोघांपुरता बाक, असे त्यांचे ते ‘स्टँड’. माझ्या कानाला स्टँड म्हणजे एसटीचा, म्हणून मी मनातल्या मनात मचाणच म्हणत राहिलो. कायद्याने पहिली गोळी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी झाडता येते. त्या दिवशी सूर्य सातच्या सुमारास उगवणार होता. आणि उजाडता उजाडता हरणे हलू लागतात त्याच्या बऱ्याच आधी माणसाने वर चढून मुकाट बसलेले असावे लागते. म्हणजे मचाणापर्यंतची पंचवीस मिनिटांची चाल मिट्ट काळोखात करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही चाल दिव्याने करावी की दिव्यावाचून, आणि दिवा घ्यायचाच तर कोणत्या रंगाचा, यावर आदल्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात तासभर खल झाला होता. आमटीत गूळ घालावा की नाही यावर आपल्याकडे ज्या निष्ठेने वाद होतो, तीच निष्ठा तेथे होती. त्यांचा मेहुणा हिरव्या दिव्याचा, कारण हिरव्यात वाटेवरची मुळे आणि दगड जास्त स्पष्ट दिसतात. मुलगा दिव्याच्याच विरुद्ध. पायाला वाट माहीत असते, असे त्याचे म्हणणे. एक जुने मित्र साध्या पांढऱ्या विजेरीचे, कारण त्यांच्या मते हरीण दिव्याला नव्हे तर वाऱ्यावरून येणाऱ्या माणसाच्या वासाला आणि पाचोळ्याच्या आवाजाला घाबरते. शेजारी लालवाले. प्रत्येकाकडे आपापल्या बाजूने साक्ष देणारे एक एक हरीण होते.

हरणाला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, हे मात्र ऐकीव नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात पांढऱ्या शेपटीच्या हरणांना भूल देऊन त्यांच्या डोळ्यांचा प्रतिसाद मोजला गेला, तेव्हा शंकूपेशींची एक जात ४५० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला आणि दुसरी ५३७ च्या हिरवट प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देते असे आढळले. रात्रीच्या दृष्टीसाठी असलेल्या दंडपेशींचा शेंडा ४९७ वर निघाला. लाल प्रकाश ६२० च्या पुढचा, म्हणजे या तिन्हींच्या टापूबाहेर पडतो. उलट आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो मुळात निळा दिवा असतो. त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर चढवून त्याला पांढरेपण आणलेले असते आणि त्याचा निळा अंश साधारण ४५० नॅनोमीटरवरच उसळतो. हरणाच्या डोळ्यात नेमका खुपणारा रंग निवडायला कुणाला सांगितले असते, तर त्याने हाच निवडला असता. मेहुण्याचा हिरवा दिवा या हिशेबात कुठे बसतो हे मी त्या रात्री बोलून दाखवले नाही. जेवण त्यांच्या बहिणीने वाढले होते.

लाल दिव्याचा दुसरा उपयोग स्वतःच्या डोळ्यांसाठी आहे, आणि मला तो अधिक पटतो. काळोखाला आपला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती सारी कमाई क्षणात उधळून लावतो. आपल्याही दंडपेशी लाल प्रकाशाची फारशी दखल घेत नाहीत, त्यामुळे लाल उजेडात पाऊल टाकण्यापुरते दिसते आणि काळोखाचा सरावही टिकून राहतो. मात्र लाल दिव्यात लालच दिसत नाही, ही गंमत आहे. शेजाऱ्यांच्या नकाशावर त्यांनी लाल पेनाने काढलेली मचाणाची खूण त्या उजेडात कागदावरून पुसल्यासारखी झाली होती, आणि जखमी हरणाचा माग घ्यायचा तर रक्ताचे थेंबही असेच हरवतात, म्हणून त्या कामाला खिशात पांढरी विजेरी लागतेच.

एवढी चर्चा झाल्यावर मी विचारले की हरणाला दिसू नये असा दिवा लागतो आणि मुलगा म्हणतो तसे पायाला वाट माहीत असते, तर मग दिवा हवाच कशाला. शेजाऱ्यांनी माझ्याकडे, शाळेत बाकावर उभे केलेल्या पोराकडे पाहावे तसे पाहिले. रानात आपण एकटे नसतो, ते म्हणाले. शेजारच्या टेकडीवरही कुणीतरी भरलेली बंदूक घेऊन हरणाच्या आशेने बसलेला असतो, आणि काळोखात चालत येणारे दोन पायही पाचोळ्यात चार पायांसारखेच वाजतात. दिवा असेल तर तो माणूस, हे येथल्या शिकारी प्रशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांनाही शिकवतात. मग त्यांनी माझ्या अंगावरच्या नारिंगी जाकिटाकडे बोट दाखवले. विस्कॉन्सिनमध्ये या हंगामात कमरेच्या वरचा निदान निम्मा पेहराव झगझगीत नारिंगी असावा लागतो; २०१६ पासून गुलाबीही चालतो. हरणाला तो रंग मातकट दिसतो आणि माणसाला मैलभरावरून टोचतो, पण ती सगळी करामत दिवसाची. तो रंग स्वतः उजळत नसतो; उजेडातले निळे आणि अतिनील किरण शोषून ते नारिंगी करून परत टाकत असतो. उजेडच नसेल तर ते जाकीट राखाडी चिंधी. सूर्य उगवेपर्यंत त्या जाकिटाचे काम कपाळावरच्या दिव्याने करायचे असते.

माझे बालपण कोकणातले, आणि तेथला काळोखातला उजेड याच्या अगदी उलटा. दशावतार संपवून रात्री उशिरा घरी परतताना आजोबांच्या हातात सुक्या झावळांची चूड असायची. ती सरळ धरली की नुसती धुमसते, हवेत फिरवली की भडकते. म्हणून ते दर दहा-बारा पावलांनी ती झुलवायचे आणि दुसऱ्या हातातली काठी वाटेवर आपटत चालायचे. रात्री सापाला साप म्हणायचे नाही, ‘जनावर’ म्हणायचे, आणि त्या जनावराला आम्ही येतोय हे आधीच कळले पाहिजे, हा त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू. त्यानंतर चाळीस वर्षांनी मी जनावराला कळू नये म्हणून टाचा न टेकवता चालायला शिकत होतो.

आम्ही निघालो. अमावास्या दोन दिवसांवर होती. लाल उजेडाचा एक वाटोळा तुकडा माझ्यापुढे दोन पावलांवर सरकत होता, आणि त्यात सगळे एकाच तपकिरी रंगाचे, उंच-सखल न कळणारे दिसत होते. गोठलेली ओकची पाने पापड मोडावेत तशी वाजत होती. वळणावळणावर शेजाऱ्यांनी झाडांच्या खोडांत अंगठ्याच्या नखाएवढ्या परावर्तक टाचण्या टोचून ठेवल्या होत्या. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने त्या तो परत पाठवतात, त्यामुळे कपाळावर दिवा असलेल्यालाच त्या दिसतात आणि बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. एक टाचणी म्हणजे सरळ, दोन शेजारी शेजारी म्हणजे वळा, तीन म्हणजे शिडी. एका ठिकाणी ते थांबले. घळीच्या पलीकडच्या टेकडीवर एक पांढरा ठिपका हलत होता. त्यांनी आपल्या दिव्यासमोर दोनदा तळहात आडवा नेला. थोड्या वेळाने तो ठिपकाही दोनदा मिचकला. पलीकडच्या शेताचा मालक, त्यांनी कुजबुजत सांगितले. पुढे चालता चालता मी पाहिले, तो ठिपका एका जागी थबकला, मग सरळ वर चढू लागला, आणि बऱ्याच उंचीवर जाऊन विझला.

हे बघण्याच्या नादात माझा पाय मुळात अडकला. मी गुडघ्यावर आलो, हात आपोआप कपाळाकडे गेला आणि जे बटण दाबायचे नव्हते तेच दाबले गेले. सारे रान पांढरेफटक झाले. समोर वीस-एक पावलांवर दोन टाचण्या चमकल्या, शेजारी शेजारी, म्हणजे वळायचे. पण त्या खोडावर नव्हत्या, आणि त्यांच्यात किंचित हिरवट झाक होती. मग त्या मिटल्या आणि पुन्हा उघडल्या. हरणाच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. एकदा निसटलेला प्रकाश तो पेशींना दुसऱ्यांदा देतो आणि उरलेला आल्या वाटेने परत पाठवतो. टाचणीची आणि त्या डोळ्याची युक्ती जवळपास एकच. आम्ही दोघे किती वेळ तसे होतो, सांगता येत नाही. मग भात्यातून वारा सुटावा तसा फुसकारा आला, पांढरी शेपटी उभी राहिली आणि पाचोळ्यात चार पाय दूर दूर वाजत गेले. मी दिवा लाल केला, पण आता मला काहीच दिसत नव्हते. डोळ्यांपुढे नुसते जांभळे डाग तरंगत होते. शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या कोपराला धरले आणि उरलेली वाट मला आंधळ्यासारखे चालवत नेले.

मचाणावर चढून, कमरेचा पट्टा झाडाला अडकवून, काडतुसे न भरलेली बंदूक दोरीने वर ओढून घेतल्यावर त्यांनी दोन्ही दिवे विझवले. पाऊण तास तरी उजाडायचे नव्हते. मला ते दोन डोळे आठवत राहिले, आणि ते पळण्याआधी ज्या तऱ्हेने खिळून राहिले होते, ते. पहिल्या पावसात वहाळात पेट्रोमॅक्सची बत्ती धरली की कुर्ल्या अशाच जागच्या जागी थबकतात, आणि आम्ही त्या उचलून घमेल्यात टाकायचो. याच विस्कॉन्सिनच्या उत्तरेला लॅक डू फ्लॅम्बो नावाचे गाव आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी तेथल्या ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांना रात्री मशालींच्या उजेडात मासे मारताना पाहिले आणि त्या तळ्याला मशालींचे तळे असे नाव दिले. होडीच्या नाळेवर विस्तव पेटवून काठावरचे हरीण खिळवण्याची रीतही त्यांचीच. जॉर्ज शिरास नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या वकिलाने ती मिशिगनमध्ये उचलली, आधी बंदुकीसाठी आणि पुढे कॅमेऱ्यासाठी. मॅग्नेशियमची पूड पेटवून त्याने रात्रीची हरणे टिपली, आणि जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये त्याची ७४ छायाचित्रे एकदम छापून आली. दिव्याने खिळवून हरीण मारण्याला आता येथे कायद्याने बंदी आहे. फक्त ओजिब्वे जमातींचा उत्तरेकडच्या टापूतला रात्रीच्या शिकारीचा हक्क २०१५ मध्ये संघीय न्यायालयाने मान्य केला. विदर्भातल्या एका अभयारण्यात मी बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणीगणनेसाठी मचाणावर बसलो होतो, तेव्हा विजेरी लावायची नाही एवढाच नियम होता. तेथे चंद्र होता आणि पाणवठा चांदीच्या ताटासारखा दिसत होता. येथे माझा स्वतःचा हातही मला दिसत नव्हता.

पण वीस मिनिटांनी तो दिसू लागला. सरळ पाहिले तर नाही, थोडे बाजूला पाहिले तर. डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, म्हणून काळोखात ज्याच्याकडे टक लावून पाहावे ते नाहीसे होते. मी शेजाऱ्यांच्या खांद्याच्या बाजूला पाहायचे आणि खांदा पाहून घ्यायचा, असा खेळ करत बसलो. दूर कुठे घुबड बोलले. मग आकाश खोडांच्या मागून वेगळे झाले, खोडे एकमेकांपासून वेगळी झाली, आणि तरीही कशालाच रंग नव्हता. शेजाऱ्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिले आणि बंदुकीत हलकेच काडतुसे सरकवली.

त्यांची बाही कितीतरी वेळ राखाडी होती. ती नारिंगी झाली तो क्षण मी पकडायचा ठरवला होता आणि तो नेमका निसटला, कारण मी घळीपलीकडे पाहत होतो. तेथे, उघड्याबोडक्या टेकडीवर, पहाटे तो दिवा जेवढ्या उंचीवर जाऊन विझला होता तेवढ्याच उंचीवर, एक नारिंगी ठिपका बसलेला होता.